कानबाईच्या पेजवरचा लखलखाट : पुतणीला त्रास झाला, आता काय काय बदलू?

झेरॉक्सवाला_चोपडा

आधीच सांगतो, मी कॉलेजात शिकलेला प्रोग्रामर नाही. चोपड्याला झेरॉक्स, पॅनकार्ड, ऑनलाइन फॉर्म असं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघत बघत वेब पेज बनवायला शिकलो. लग्नपत्रिका, केळीच्या रोपांची नर्सरी, एक सराफ, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, अशी पंधरा-वीस पेजं केली असतील. आजवर कोणाची तक्रार नव्हती. आता आली ती घरातूनच.

पेज आमच्या भाऊबंदकीच्या कानबाईचं. बाहेरच्यांसाठी सांगतो, श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. रोटाला, म्हणजे तिच्या गव्हाच्या प्रसादाला, सगळे भाऊबंद लागतात आणि आमचे निम्मे सुरतला, उधना-लिंबायतकडे. दरवर्षी कोण कधी येणार, गहू कोणाकडे दळायचे, कोणाच्या गाडीत किती माणसं, यावरून आठ दिवस फोनवर महाभारत. म्हणून यंदा म्हटलं, सगळं एका पेजवर टाकू.

आणि मग हात सुटला. वर मोठा बॅनर: कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा, एकाआड एक, मध्ये मागच्या वर्षीच्या कानबाईचा फोटो. दोन चित्रांची जिफ, म्हणजे आपोआप आलटूनपालटून दिसणारं चित्र, डिले ८. कडेने पळणाऱ्या दिव्यांची माळ. ‘सर्व भाऊबंदांचे सहर्ष स्वागत’ हे मार्कीत, म्हणजे आपोआप आडव्या पळणाऱ्या ओळीत, कारण आपण अजून त्याच जमान्यात. पेज वर सरकवलं की मागचा मंडप वेगळ्या गतीने सरकतो. आणि पेज उघडताक्षणी डीजेचं गाणं, फुल आवाजात.

मागच्या गुरुवारी रात्री चुलत भावाच्या मुलीने सुरतेत ते उघडलं. तेरा वर्षांची आहे. तिला फिटचा त्रास आहे, दोन वर्षं गोळ्या चालू. लाइट गेलेली, खोलीत अंधार, अंथरुणात तोंडाजवळ मोबाईल. वहिनी सांगते, आधी हाताला दोन-तीन झटके बसले, मोबाईल पडला आणि मग फिट. मिनिटभरात थांबली. पोरगी आता बरी आहे, शाळेतही गेली. पण भावाने फोनवर एवढंच विचारलं, “तू त्या पेजवर काय लावलंय?” ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी मागे मेंदूचा आलेख काढताना लुकलुकता दिवा दाखवला होता आणि तेव्हाच सांगितलं होतं, हिला अशा प्रकाशापासून जपा. घरात डीजेचे लाइट टाळायचे एवढंच सगळ्यांनी लक्षात ठेवलं. मोबाईलचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

त्यात काल थोरल्या काकूंनी इथे दुकानात येऊन मोबाईल माझ्यापुढे धरला, “हाई काय लाई दिधं रे भो? मोबाईलमा ईज चमकी ऱ्हायनी, मनं डोकं गरगरी ऱ्हायनं.” त्यांना चक्करचा त्रास जुनाच आहे.

पेज सध्या बंद ठेवलंय. कानबाईला नऊ दिवस उरलेत. मला हे विचारायचंय की नेमकं काय काढू आणि काय ठेवलं तर चालेल? सगळं पांढरं करून टाकलं तर घरचे म्हणतील हे काय, तलाठ्याची नोटीस आहे का. आणि याच्यापुढे गिऱ्हाइकांचं काय? सराफाला ‘आजचा भाव’ लुकलुकताच हवाय.

तापीकाठ

मी मूळ शिरपूरचा, आता पुण्यात हेच काम करतो. भो, ती जिफ सर्व्हरवरूनच उडव, नुसतं पेज बंद ठेवू नको. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली असेल तर ग्रुपवर सांगून ठेव.

आता हिशोब. जिफचा डिले सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. तुझा ८, म्हणजे लाल ०.०८ सेकंद आणि पिवळा ०.०८ सेकंद. एक पूर्ण फेरा ०.१६ सेकंदात. सेकंदाला सहा फेरे होऊन वर थोडा उरतो. वेब सुलभतेची जी नियमावली जगभर वापरतात, डब्ल्यूसीएजी, तिचं २.३.१ कलम म्हणतं की कुठल्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत. तू दुप्पट गेलास. पहिल्याच पायरीचं कलम आहे हे, हौशी लोकांसाठीचं नाही.

लखलखाट कशाला म्हणायचं तेही तिथे ठरवून दिलंय. शुद्ध पांढऱ्याचा उजेड १ धरला तर दोन चित्रांच्या उजेडात ०.१० किंवा जास्त फरक आणि त्यातलं गडद चित्र ०.८० च्या खाली. शुद्ध पिवळा भरतो सुमारे ०.९३, शुद्ध लाल सुमारे ०.२१. तुझा फरक कुठल्या कुठे गेला बघ. आणि लालची वेगळी भानगड आहे. लाल, हिरवा, निळा या तिघांच्या बेरजेत लालचा वाटा ८० टक्के किंवा त्याहून जास्त असला की तो ‘भडक लाल’, आणि भडक लालात ये-जा करणारा लखलखाट स्वतंत्रपणे धोक्याचा मानतात. कुंकू त्यातच बसतं. स्थिर कुंकू कितीही लाव, काही होत नाही. आळीपाळीने नको.

आकाराचीही सूट आहे, म्हणजे कोपऱ्यात बोराएवढं काही लुकलुकत असेल तर हे कलम अडवत नाही. पण मोबाईलच्या पूर्ण रुंदीचा बॅनर, अंधारात, तोंडाजवळ? ती सूट विसर. मी तर बारीकसुद्धा लुकलुकतं ठेवत नाही, कोण कुठल्या स्क्रीनवर किती जवळून बघणार ते आपल्याला कुठे माहीत असतं.

तुझ्या पुतणीची फिट या पेजमुळेच आली का, हे इथे कोणी सांगू शकणार नाही. झोप कमी झाली, गोळी चुकली, तरी येते. ते डॉक्टरांना विचारायला लाव. पण त्या पोरीला नेमकं जे टाळायला सांगितलंय तेच तुझ्या पेजवर होतं, एवढं खरं.

दाजीबा_पारोळा

माझं स्पष्ट मत. उगाच बाऊ चाललाय. वरातीत शार्पी लाइट असतात, गणपतीत असतात, टीव्हीवर दिवसभर चकचकाट असतो. सगळी पोरं बघतात. एका पोरीला झालं म्हणून सणाचं पेज सुतकी करायचं?

तापीकाठ

दाजीबा, १६ डिसेंबर १९९७ ला जपानात संध्याकाळी पोकेमॉनचा एक भाग लागला होता. त्यात काही सेकंद लाल-निळा लखलखाट होता, सेकंदाला साधारण बारा वेळा. त्या रात्री सुमारे ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, बहुतेक पोरंच. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. घरच्यांना पोरगं असं आहे हे त्या दिवशीच कळलं. तो भाग पुन्हा दाखवलाच नाही. मोठ्यांच्या हातूनही घडतं. लंडन ऑलिंपिकच्या चिन्हाचा चलतपट २००७ मध्ये वेबसाइटवर टाकला होता, लोकांना त्रास झाल्यावर तो तुकडा काढावा लागला.

वरातीतून पोरगं उचलून बाजूला नेता येतं. मोबाईल त्याच्या हातात असतो, आपण तिथे नसतो.

दाजीबा_पारोळा

६८५ चं माहीत नव्हतं. शार्पीबद्दलचं मत कायम.

रातपाळी_भुसावळ

मी रेल्वेत, रात्रपाळी असते. अकरा वर्षं अर्धशिशी. फिटचं मला कळत नाही, पण पेज उघडल्यावर डोकं कशाने उठतं ते पाठ आहे, म्हणून लिहितो.

रात्री तीन वाजता अंधाऱ्या खोलीत एकदम पांढरंफट पेज उघडलं की मे महिन्यात दुपारी दीडला प्लॅटफॉर्मच्या सावलीतून उन्हात पाय टाकावा तसं होतं. त्याहून वाईट म्हणजे पेज काळं असतं, पण दुसऱ्या पेजवर जाताना मध्ये क्षणभर पांढरं चमकतं. बनवणाऱ्याला ते दिसतही नाही, कारण त्याचं नेट फास्ट. झेरॉक्सवाले, तुमचं पेज एकदा टूजीवर उघडून बघा.

दुसरं म्हणजे पट्टे. काळे-पांढरे बारीक पट्टे, जवळजवळ, पूर्ण पडदाभर. ते हलत नसले तरी मला दिसायला लागतात तसे हलायला लागतात. नक्षी म्हणून साडीचा काठ लावायचा तर एका कडेला लावा, मागे पसरू नका.

तिसरं, आपोआप सुरू होणारं गाणं. यावर बोलायलाच नको. रात्री दोनला शेजारी झोपलेला माणूस उठतो आणि आपलं डोकं ते वेगळंच. त्याला काही नियम आहे का?

आणि कृपा करून ‘डार्क मोड दिला, झालं’ असं समजू नका. माझ्या मोठ्या भावाला डोळ्याचा नंबर तिरका आहे, त्याला काळ्यावर पांढरी अक्षरं फिसकटलेली दिसतात. तो उजेडातलंच वाचतो. मला शुद्ध पांढऱ्यापेक्षा ताकाच्या रंगाचं काहीतरी चालतं. दोघांना एकच औषध नाही.

तापीकाठ

आहे की. आवाज आपोआप तीन सेकंदांपेक्षा जास्त वाजणार असेल तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय द्यावीच लागते. आणि आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं, लुकलुकणारं, सरकणारं काही मजकुराशेजारी असेल तर त्यालाही थांबवायचं बटण लागतं. मार्की यातच येते भो. थांबवायची सोय नाही, वाचणाऱ्याच्या वेगाशी देणंघेणं नाही. तिचं लुकलुकतं भावंड, ब्लिंक, ते तर फायरफॉक्सने २०१३ मध्येच काढून टाकलं. मार्की अजून चालते याचा अर्थ ती वापरायची असा नाही.

काकूंचं वेगळं आहे. त्यांना लखलखाटासोबत तो मागे सरकणारा मंडप बाधला असणार. ज्यांचा कानातला तोल बिघडलेला असतो त्यांच्या डोळ्यांना पडदा सरकताना दिसतो, शरीर म्हणतं मी तर बसलोय, आणि पोट ढवळतं. घाटात एसटीच्या मागच्या सीटवर मोबाईल वाचल्यासारखं. २०१३ ला आयफोनच्या सातव्या आयओएसमध्ये ॲप उघडताना जोरात झूम व्हायचं, लोकांना मळमळायला लागलं, तेव्हा महिना-सव्वा महिन्यात ॲपलने ते झूमही बंद करता येईल अशी सुधारणा दिली.

आज जवळपास सगळ्या फोनमध्ये तसं सेटिंग आहे. अँड्रॉइडला सुलभतेच्या विभागात ॲनिमेशन काढून टाकायचं बटण असतं, आयफोनला हालचाल कमी करायचं. ते चालू असलं की ब्राउझर पेजला कळवतो, आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन या नावाने तुला ते विचारता येतं. पण इथे दोन खड्डे आहेत, मी दोन्हीत पडलोय.

पहिला, सीएसएसने जिफ थांबत नाही. जिफ म्हणजे चित्र, ती आपल्या तालात नाचतच राहते. स्थिर फोटो वेगळा ठेवायचा आणि पिक्चर टॅगमध्ये त्या सेटिंगची अट घालून तो दाखवायचा. दुसरा, तुझ्या काकूंनी ते सेटिंग आयुष्यात उघडलेलं नसणार. म्हणून उलटं लिही. मुळात पेज स्थिर. ज्याने हालचाल बंद केलेली नाही त्यालाच हलकी हालचाल, आणि तीही मंद. जुना ब्राउझर असला, काही बिघडलं, तरी पेज स्थिरच उघडेल.

शेवटी शंका राहिली तर अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरचं ‘पीट’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, विंडोजवर चालतं. पेजचा स्क्रीन-व्हिडिओ करून त्यात टाक, कुठे मर्यादा ओलांडली ते दाखवतं. पण दोन चित्रांच्या जिफला पीट कशाला, बोटांवर मोजता येतं.

नंदुरबारची_आई

मी रोज इथे फक्त वाचते. आज राहवलं नाही.

माझ्या मुलाला सहाव्या वर्षापासून फिट येतात, आता सोळा पूर्ण. त्याच्या तपासणीतही तो दिवा दाखवला होता, त्याला काहीच झालं नाही. फिटच्या शंभर जणांत साधारण तिघांनाच लुकलुकत्या प्रकाशाचा त्रास असतो, त्यातही पोरासोरांना जास्त, असं डॉक्टरांनी समजावलं. हे सांगते कारण आमच्या नातेवाइकांनी दोन वर्षं त्याच्या हातून मोबाईल, टीव्ही, सगळं काढून घेतलं होतं. दादा, तुमच्या पुतणीच्या घरीही आता तेच सुरू होईल. पेज दुरुस्त करा आणि दुरुस्त केलं हे भावाला सांगा, नाहीतर शिक्षा पोरीला होते.

तिला एक शिकवून ठेवा. असं काही समोर आलं की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही उजेड आत जातो.

आणि कानबाईला दीडशे माणूस जमणार, तेव्हा हेही सांगून ठेवा. फिट आली की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, आजूबाजूचं टोकदार बाजूला, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी काढायची. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल घेऊन धावणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते. तिला आधीच गाठा.

झेरॉक्सवाला_चोपडा

सगळ्यांना उत्तर देतो, उशीर झाला, दुकानात दहावीच्या पुरवणी परीक्षेची गर्दी होती.

जिफ उडवली. सर्व्हरवरून, पेनड्राइव्हवरून, सगळीकडून. ग्रुपवर लिहिलं की जुनी लिंक कोणी उघडू नका, त्यावर एका भाच्याने “का, व्हायरस आहे का” विचारलं. म्हटलं हो तसंच समज.

नवीन पेज असं आहे. वर कानबाईचा फोटो, स्थिर, कडेने कुंकवाचा लाल काठ. तोही स्थिर. मागे ताकाचा रंग (रातपाळीवाले, तुमची आठवण). मंडप सरकत नाही. मार्की गेली, तेच वाक्य ठसठशीत अक्षरात बसवलं, आणि पहिल्यांदा थोरल्या आबांनी ते शेवटपर्यंत वाचलं. इतके दिवस म्हणे ‘सहर्ष’च्या पुढे गाडी जातच नव्हती. आधी सोनेरी अक्षरं पांढऱ्यावर होती, ती गडद तपकिरी केली. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं, हे तापीकाठने फोनवर सांगितलं. सोनेरीचं दोनसुद्धा भरत नव्हतं.

एक दिवा मात्र ठेवलाय. पेज उघडलं की ज्योत हळूच उजळते, तीन सेकंद लागतात, मग तशीच राहते. ज्याच्या फोनला हालचाल बंद आहे त्याला ती पेटलेलीच दिसते. गाण्याला बटण दिलं.

पेज आधी भावाला पाठवलं, त्याने स्वतः अंधारात आणि उजेडात उघडून बघितलं, वहिनीने बघितलं, मग पोरीने. डोळ्यावर हात ठेवायचं तिला सांगितलं तर म्हणाली, ते डॉक्टरांनी आधीच शिकवलंय, त्या दिवशी हातच उचलला गेला नाही. यावर मला काही बोलता आलं नाही.

सराफाकडे काल जाऊन आलो. ‘आजचा भाव’ लुकलुकता का हवा, तर लोकांची नजर जावी म्हणून. मी म्हटलं शेठ, तुमच्या दुकानात भाव लिहिलेली पाटी लुकलुकते का? नाही, पण ती दारातच आहे. मग भाव दारातच ठेवू, म्हणजे पेजच्या सगळ्यात वर, मोठ्या आकड्यात, बाकी सगळं खाली. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण “बघू आठ दिवस” म्हणाला. सराफ ‘बघू’ म्हणाला म्हणजे निम्मं काम झालं. जुनी बाकी पेजं अजून उघडून बघायची आहेत. लग्नपत्रिकांत तर काय काय फुटताना ठेवलंय देव जाणे, रात्री बसणार आहे.

फिट आल्यावर काय करायचं ते नंदुरबारच्या ताईंनी लिहिलेलं मोठ्या अक्षरात छापून ओट्याच्या भिंतीला लावतोय. चप्पलवाली आत्या आमच्याकडे दोन आहेत. एकीला सांगून झालं, दुसरी शनिवारी सुरतहून पोरीसोबतच येते आहे.

पोरीचा आत्ताच मेसेज आला. गाण्याचं बटण सापडत नाही म्हणते, राखाडी केलंय म्हणून. करतो हिरवं.